जमिनीवरची घंटा

लोखंडाच्या घरात खिळा ठोकता येत नाही.
म्हणून माझ्या भिंतीवर सगळं चुंबकाने लावलेलं:
विजेचं बिल, वाझगेनचा शाळेतला फोटो,
आणि तुझा क्रूस, पत्र्याचा, तळहाताएवढा.
भूकंपानंतर हे डबे आले मालगाडीने.
दोन वर्षं काढा यात, म्हणाले, मग पक्कं घर.
मी अठ्ठावीस वर्षांची होते, पोटात वाझगेन.
साहाक मोज्यांच्या कारखान्यात, सकाळच्या पाळीला.
तो तिथेच राहिला.

तुला माहीत आहे सगळं. तरी सांगते.
हिवाळ्यात या डब्याला आतून घाम फुटतो.
आमचाच श्वास छताला जाऊन गोठतो
आणि पहाटे शेगडी पेटली
की आमच्याच अंगावर ठिबकतो.
वाझगेन लहानपणी विचारायचा,
आई, घर का रडतं?
आता तो रशियात रस्त्यांवर डांबर ओततो.
ईस्टरपासून त्याचा फोन नाही.

देवळाचा मनोरा पडला तेव्हा घंटाही पडली,
तोंड खाली, काठ मातीत रुतलेला.
उचलायला क्रेन हवी, क्रेनला पैसे हवेत,
आणि गावात उरली ती माझ्यासारखी माणसं.
पण म्हातारा मुक्रतिच दर रविवारी यायचा,
हातोडा घेऊन, दाढी केलेली,
गवतात गुडघे टेकून तीन ठोके द्यायचा.
ठक्. ठक्. ठक्.
पिठाने भरलेल्या डब्यावर कुणी टिचकी मारावी, तसं.
मी एकदा म्हटलं, कुणाला ऐकू जातं हे?
तो म्हणाला, रविवार झाला ना? मग झालं.

या मार्चमध्ये त्याच्या छातीत पाणी झालं.
हातोडा त्याने हायकानुशच्या हाती माझ्याकडे धाडला.
निरोप काहीच नाही. नुसता हातोडा.

खरं सांगू? मी घंटा वाजवायला गेले नव्हते.
पाद्री म्हणतो, तू विश्वासू आहेस.
मला तुला विचारायचं होतं, कुणाशी?
साहाकशी? त्या दोन वर्षांशी?
चिखलातून गेले, पदराआड हात गोठलेले,
आणि पहिला घाव घातला तो तुझ्यावर घातला,
एवढ्या जोरात, की खांद्यात कळ गेली.

आणि ती वाजली.

ठक् नाही. वाजली.
बारीक, फाटकी, एका कुशीवर झोपलेल्या माणसाने
झोपेत कण्हावं तशी,
पण लांबवर गेली, ओढ्यापलीकडे,
आणि हायकानुश दारात आली हातात कणीक घेऊन.

मी दुसरा घाव घातला नाही.
वाकून पाहिलं, तर काठाखाली माती उकरलेली,
बीळ, आत अंधार, आणि अंधारात कुईकुई.
कुठल्याशा भटक्या कुत्रीने हिवाळाभर
नखांनी जागा केली होती घंटेच्या पोटात.
चार पिल्लं. एकाचे डोळेही उघडले नव्हते.
आई बाजूला उभी, माझ्याकडे दात काढून.

मी तिथेच बसले, ओल्या गवतात, किती वेळ कुणास ठाऊक.
प्रार्थना आली नाही. हसू आलं थोडं.
पस्तीस वर्षं आम्ही क्रेनची वाट पाहत होतो.

फोन अजून आलेला नाही.
डब्याला गंज चढतो आहे, दाराच्या बिजागरीपाशी जास्त.
मुक्रतिचला आवाज ऐकू आला का, विचारलं,
तर त्याने नुसता माझा हात दाबला,
म्हणजे हो, किंवा म्हणजे तहान लागली.
तुझ्याबद्दल मला कालच्यापेक्षा जास्त काही कळलं,
असं मी म्हणणार नाही.

पण उद्या रविवार आहे.
हातोडा घासून ठेवला आहे दारापाशी,
त्याच्या तोंडाला मोजा बांधून,
साहाकच्या कारखान्यातला, जोडीतला एकच उरलेला.
पिल्लं दचकतात.
आवाज जरा कमी येईल.
तू कान दे.